थाळनेरचें म्हणविलेलें पिस्तूल

२७ फेब्रुवारी १८१८ रोजीं थाळनेरच्या किल्ल्याच्या दिंडींत जी कापाकापी झाली, तिची हकीकत खानदेशांत पुष्कळांस ठाऊक आहे. आंत शिरलेले इंग्रज अधिकारी मारले गेले, आणि सर थॉमस हिस्लॉप यानें किल्लेदार तुळशीराम मामा यास फांशीं दिलें. माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरीं एक पिस्तूल होतें. पूर्वजानें तें त्याच दिंडींत पडलेल्या एका गोऱ्याच्या कमरेचें काढून घेतलें, अशी घरची समजूत. मीं ती खरी मानली, आणि कैक वर्षें वर्गांत मुलांना सांगितली.

तो विद्यार्थी आतां जळगांवास व्यापार करतो. एके दिवशीं तो तें पिस्तूल घेऊन धुळ्यास मजकडे आला. गिऱ्हाईक मोठी रक्कम देत होतें. मात्र वस्तु थाळनेरचीच असल्याचें मीं लिहून द्यावें, अशी अट होती. सही करण्यापूर्वीं मीं तें पिस्तूल प्रथमच निरखून पाहिलें.

घोड्याच्या तोंडांत गारगोटी धरण्याची सोयच नव्हती. तें टोपीचें पिस्तूल होतें. आघातानें पेटणाऱ्या दारूचें पेटंट फोर्साइथ या स्कॉच धर्मोपदेशकानें १८०७ त घेतलें खरें, परंतु तांब्याची टोपी त्यानंतरची, आणि लष्करांत ती रुळली १८४० च्या सुमारास. जुनीं चकमकीचीं पिस्तुलें पुढें टोपीचीं करून घेत, हें मला ठाऊक होतें. तसें असतें तर रंजकाची वाटी काढल्यावर उरलेलीं स्क्रूचीं भोंकें बुजविल्याच्या खुणा चापाच्या पट्टीवर दिसल्या असत्या. भिंगानें पाहिलें; पट्टी अखंड होती.

पट्टीवर कंपनी सरकारचा सिंह पुसटसा होता. जुन्या हृदयाकृति शिक्क्याच्या जागीं हा सिंह १८०८ च्या सुमारास आला. त्याच्याजवळ सनाचे तीनच आंकडे उरले होते : १८४. चौथा आंकडा घरच्या मंडळींनीं दर दसऱ्यास विटकरीच्या पुडीनें घासून नाहींसा केला होता ! गंज तसाच राहूं दिला असता तर किंमत अधिक आली असती; जाणते ग्राहक अशा वस्तूला हात न लागलेला पाहतात, मग शिक्के, मग मूळचे भाग, आणि सर्वांआधीं लेखी पुरावा. येथें लेखी पुरावा म्हणजे माझी सही !

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १९२६ त ज्या धुळ्यास देह ठेवला, तेथें राहून अस्सल कागदावांचून मीं हें सांगत आलों, याची लाज वाटली.

पिस्तुलाची नळी बुजलेली, टोपीचें टोंक झिजून गेलेलें. दुरुस्तीनेंही न उडणाऱ्या अशा जुन्या हत्याराला १९५९ च्या शस्त्र कायद्यांत सूट आहे. १९७२ च्या पुरावस्तु कायद्यानें मात्र तें खाजगी रीतीनें परदेशीं धाडतां येत नाहीं. विद्यार्थी म्हणाला, “मास्तर, थाळनेर नाहीं, तर अठ्ठावन सालचें आंबापाणी लिहा.” तेंही मीं लिहिलें नाहीं. “कंपनीच्या सिंहाचें, १८४० ते १८४९ मधील, टोपीचें पिस्तूल; थाळनेरशीं संबंध नाहीं,” एवढें लिहून दिलें. गिऱ्हाईक परत गेलें.

माझे जुने विद्यार्थी ऐकत असतील, तर त्यांनीं वहींतील ती ओळ खोडून टाकावी.