गर्भपाताचा कायदा : कालचा आणि आजचा

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असे मंडळाने सांगितले, तेव्हा लोणची-पापड किंवा व्रतकथा यांवर लिहिणे सोपे गेले असते. परंतु ज्या गोष्टीविषयी आपण फार तर जावेच्या कानात बोलतो, त्या गर्भपाताच्या कायद्याचा इतिहास लिहावा असे माझ्या मनाने घेतले. वडीलधाऱ्यांनी रागावू नये.

इंग्रज सरकारने 1860 साली दंडसंहिता केली. बाईचा जीव वाचवण्याखेरीज अन्य कोणत्याही कारणाने गर्भ पाडणे हा तिच्यात गुन्हा ठरला. सजा तीन वर्षांपर्यंत, आणि पोटात मूल हालू लागले असेल तर सात वर्षांपर्यंत. स्वतःचा गर्भ पाडणारी बाईही त्यात गुन्हेगारच. आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. 1948 साली संस्थान भारतात आले, त्यानंतर हाच कायदा आपल्याकडेही आला.

या कायद्याच्या कचाट्यात कोण सापडे? बहुधा विधवा. बालपणी लग्न, बालपणीच वैधव्य, पुनर्विवाह नाही, आणि घरातल्याच कोणी फसवले तर दिवस गेलेले लपवायचे कोठे? गर्भ पडला तर पडला, नाही तर जन्मलेल्या जीवाचा घोट घ्यायचा. पुण्यात काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेला बालहत्येसाठी काळ्या पाण्याची सजा झाली. तिला फसवणारा मोकळाच राहिला. हे पाहून जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 साली आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा तेथेच ठेवावे, अशी सोय होती. पुढे अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तोच डॉक्टर यशवंत.

1881 साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अशाच गुन्ह्यासाठी फाशी सुनावली गेली, अपिलात ती कमी होऊन काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांतून तमाम बायकांच्या चालचलणुकीवर टीका सुरू झाली. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक छापून उत्तर दिले. बुलढाणा म्हणजे काही दूरदेश नव्हे, सिल्लोडच्या पलीकडे. दोघांच्या कृत्याची शिक्षा एकटीलाच का, हा त्यांचा सवाल. ताराबाई कोर्टात कधी उभ्या राहिल्या नाहीत, पण पुढे वकिलांनी जे जे मांडले त्याचे मूळ मला याच सवालात दिसते.

स्वराज्य आले तरी कायदा तोच राहिला. त्याने गर्भपात थांबले नाहीत. ते सुईणीच्या काडीकडे आणि वैदूच्या पुडीकडे गेले, आणि बाया अंग तापून मेल्या. 1964 साली केंद्र सरकारने याचा विचार करण्यास एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते आपल्या महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा. अहवाल 1966 च्या अखेरीस आला, त्यावरून 1971 साली कायदा झाला आणि 1 एप्रिल 1972 पासून लागू झाला. सरकारच्या मनात लोकसंख्येची चिंता होती, हेही खरे. बाईचा हक्क असा शब्द त्यात नव्हता, मत डॉक्टरांचे आणि मुदत वीस आठवड्यांची. जुना गुन्हा पुसला गेला नाही, त्याला फक्त अपवाद मिळाला. आजही तो भारतीय न्याय संहितेच्या 88 व्या कलमात आहे.

तरी एक गोष्ट त्या कायद्याने स्वच्छ सांगितली. अठरा वर्षांवरील शहाण्या बाईची स्वतःची संमती पुरे, नवऱ्याच्या सहीची गरज नाही. माझ्या माहितीतल्या एकीला तीन लेकरांनंतर दिवस राहिले. नवऱ्याची सही आण म्हणून एका दवाखान्याने तिला परत पाठवले. नवरा परगावी कामाला. तो येईस्तोवर सहावा महिना लागला.

इथे कोणी म्हणेल, मग मुलगी म्हणून गर्भ पाडला तरी चालेल का? मुळीच नाही. गर्भाचे लिंग तपासण्यावर बंधन घालणारा कायदा देशात सर्वांआधी, 1988 साली, महाराष्ट्रानेच केला. पण त्याच्या भीतीने गरजू बाईलाही दारातून परत लावणे हा तर उफराटा न्याय झाला.

पुढची लढाई कोर्टात झाली. 2008 साली मुंबईचे डॉ. निखिल दातार एका जोडप्यासह उच्च न्यायालयात गेले. गर्भाच्या हृदयात दोष असल्याचे वीस आठवडे उलटल्यावर कळले होते. न्यायालयाने नकार दिला. कायद्यातली मुदत आम्हांला बदलता येत नाही, असे म्हटले. डॉक्टर स्वस्थ बसले नाहीत. 2021 साली कायदा सुधारला. काही ठरावीक बायकांसाठी मुदत चोवीस आठवडे झाली, आणि गर्भात मोठा दोष असेल तर वैद्यकीय मंडळाच्या मताने त्यानंतरही परवानगी मिळू लागली.

मधल्या काळात, 2009 साली, चंडीगडच्या एका मतिमंद मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उलट बाजूने विचार केला. तिला मूल हवे होते, सरकारला गर्भ पाडायचा होता. तिच्या मनाविरुद्ध तसे करता येणार नाही, असा निकाल झाला. मूल नको म्हणण्याचा हक्क आणि हवे म्हणण्याचा हक्क एकच आहे, हे मला या निकालावरून समजले. 2016 साली भायखळ्याच्या तुरुंगातील बायांच्या निमित्ताने न्यायमूर्ती विजया ताहिलरामानी आणि मृदुला भाटकर यांनी लिहिले, की बाई असा निर्णय थट्टेवारी घेत नाही, आणि शरीर तिचे असल्याने निर्णयही तिचाच. 2022 साली अमेरिकेच्या वरिष्ठ न्यायालयाने 1973 पासूनचा तेथील हक्क काढून घेतला. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेलाही विवाहितेप्रमाणेच चोवीस आठवड्यांची मुदत दिली, आणि डॉक्टरांनी कायद्यात नसलेल्या अटी घालू नयेत असे बजावले.

मात्र सगळे सरळ चालले आहे असे नाही. 1981 पासून उच्च न्यायालय आपल्या जिल्ह्याच्या गावी बसते. तेथेच जून 2023 मध्ये अत्याचार झालेल्या पंधरा वर्षांच्या मुलीचा अर्ज आला. अठ्ठावीस आठवडे झाले होते. आता काढले तरी मूल जिवंतच जन्मेल असे डॉक्टरांचे मत पडले. मग पुरे दिवस भरू द्यावेत, म्हणून परवानगी नाकारली. न्यायालयाची अडचण मला कळते, पण त्या पोरीच्या बाकीच्या बारा आठवड्यांचा विचार काही केल्या मनातून जात नाही. जन्मल्यावर मूल अनाथाश्रमात देण्याची मोकळीक तिला ठेवली होती. अर्ज तिच्या आईने केला होता.