सरकारी अफूची दहा वर्षांची उतरण : सौंसर तहसील आणि अफू सोडविण्याचा इतिहास

३१ मार्च १९५९ हा दिवस भारतातील अफूच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो. या दिवशी परवान्याच्या दुकानांतून सर्वसामान्य ग्राहकाला अफू विकण्याची जुनी व्यवस्था संपुष्टात आली. त्यानंतर अफू मिळणार होती ती औषधासाठी, संशोधनासाठी आणि वैद्यकीय दाखल्यावर नाव नोंदविलेल्या व्यसनी माणसाला. हा शेवट एकाएकी आला नव्हता. १९४९ च्या अखिल भारतीय अफू परिषदेने राज्यांना होणारा पुरवठा दरवर्षी दहा टक्क्यांनी कमी करून दहा वर्षांत शून्यावर आणण्याचे ठरविले होते. आजच्या वैद्यकाच्या भाषेत सांगायचे तर एका संपूर्ण देशाची मात्रा उतरविण्याचा हा प्रयोग होता. तो माणसाला मानवणारा होता काय, याचा विचार मात्र फारसा झालेला दिसत नाही.

२०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात असलेले सौंसर तहसील हे या दृष्टीने विचार करण्याजोगे ठिकाण आहे. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातील हा मराठी मुलूख १८५४ मध्ये इंग्रजांकडे गेला आणि १८६१ मध्ये मध्य प्रांतात आला. कापूस, ज्वारी, पुढे संत्री. नागपूर सुमारे ७० किलोमीटरवर, आणि मधून पूर्वी धावणारी अरुंद रुळांची छिंदवाडा गाडी. १८७८ च्या अफू कायद्याखाली मध्य प्रांतातील इतर तहसिलींप्रमाणे येथेही अफू सरकारी कोठारातून परवानेदाराकडे आणि तेथून ग्राहकाकडे जाई. घेणारे सारेच नशेबाज नव्हते. सांधेदुखीचा म्हातारा, हगवणीने हैराण झालेला मजूर, हिवतापाने खंगलेला शेतकरी असे अनेक त्यात होते. कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या मुलाला अफूचा कण चाटवीत; मुंबईच्या गिरणगावात याच चालीला 'बाळागोळी' म्हणत. डॉक्टर नसलेल्या गावात अफू हेच औषध होते. लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखालील शाही अफू आयोगाने १८९५ मध्ये बंदीची गरज नसल्याचा निष्कर्ष काढला, त्यामागे महसुलाचा हिशेब होताच. परंतु अफूच्या या घरगुती वापराचे साक्षीपुरावेही त्याच्यापुढे आले होते, हे नाकारता येत नाही.

अफू रोज घेणाऱ्याने ती अचानक थांबविली तर काय होते, हे जुन्या हकिमांना चांगले ठाऊक होते. जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब, हाडे फुटल्यासारखी वेदना आणि निद्रानाश. शरीराने रोजच्या मात्रेशी जमवून घेतलेले असते. ती निघून गेली की दडपलेली सारी यंत्रणा एकदम उसळते. म्हणून मात्रा हळूहळू उतरवावी, हा विचार आला. सोळाव्या शतकातील इराणी हकीम इमादुद्दीन महमूद शीराझी यांनी 'अफ्यूनिया' नावाची स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. अफूचे गुणदोष, तिची मात्रा, ती कमी करण्याच्या रीती आणि तिच्या जागी द्यावयाची द्रव्ये यांचा विचार तीत आहे. लेखक स्वतः अफूच्या आहारी गेलेले होते, त्यामुळे त्यांच्या विवेचनाला अनुभवाचा आधार आहे.

हिंदुस्थानातील याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण बादशहा जहांगीर याचे. तोही येथे दारूच्या संदर्भात येतो, पण रीत तीच आहे. आपल्या आत्मवृत्तात त्याने मोकळेपणाने लिहिले आहे की, हकीम हुमाम यांनी सहा महिन्यांत प्रकरण हाताबाहेर जाईल असा इशारा दिल्यावर त्याने कडक अर्कात द्राक्षासव मिसळून तो सौम्य केला, प्याले कमी करीत आणले आणि सात वर्षांत सहांवर आणले. मात्र प्याले कमी होत असताना 'फलूनिया' हे अफूयुक्त माजून वाढत गेले आणि शेवटी त्याची जागा अफूनेच घेतली. एक उतरविताना दुसरे चढले! याउलट त्याचा भाऊ दानियाल बुऱ्हाणपुरात होता. अकबराने त्याच्यावर पहारे बसवून दारू तोडली. तेव्हा बंदुकीच्या नळीतून दारू आत आणली गेली आणि त्यातच त्याचा अंत झाला. पहारा आणि उतरण यांतला फरक एकाच घरात दिसून आला.

हकिमाच्या उतरणीत मात्रा रोग्याची नाडी पाहून ठरे. १९४९ च्या उतरणीत ती कोठारातील साठ्यावरून ठरली. समजा, एखादा म्हातारा रोज २० रत्ती अफू घेत होता आणि दुकानातील कपात जशीच्या तशी त्याच्यापर्यंत पोहोचली. पहिल्या वर्षी २० च्या १८ झाल्या. एक दशांश कमी, सोसण्यासारखे. नवव्या वर्षी मात्र ४ च्या २, म्हणजे एकदम निम्मे. दहाव्या वर्षी २ चे शून्य. कागदावर दरवर्षीची पायरी सारखीच दिसते, पण शरीराला ती दर खेपेला अधिक उंच होत जाते. आजचे वैद्यक म्हणूनच चालू मात्रेचा ठरावीक हिस्सा कमी करते, शेवटच्या पायऱ्या सर्वांत लहान ठेवते आणि रोग्याला जड गेले तर थांबते. सरकारी तक्त्यात थांबण्याची सोय नव्हती.

शिवाय कपात दुकानाची होती, माणसाची नव्हती. दुकानातील माल दहा टक्क्यांनी घटला म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दहा टक्के कमी येतात असे नाही. ज्याच्याजवळ पैसा आणि ओळख आहे त्याला पूर्ण मिळू शकते आणि रोजंदारीच्या माणसाला काहीच नाही. आसामात १९२० च्या दशकात खाणाऱ्याच्या नावाने पास देऊन पुरवठा कमी करण्यात आला होता. ती पद्धत निदान माणसाला ओळखत होती, जरी चोरटी अफू तेथेही थांबली नाही.

सौंसरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. ही दहा वर्षे संपत आली असताना, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचना झाली. तोपर्यंत नागपूर हीच या तहसिलीची राजधानी होती. १९४७ साली सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालयही तेथेच. आता नागपूर मुंबई राज्यात गेले आणि मराठी बोलणारे सौंसर व पांढुर्णा भोपाळकडे राहिले. त्याच दिवशी माळव्यातील मंदसौर-नीमचचा अफू पिकविणारा पट्टा त्याच नव्या मध्य प्रदेशात आला. उतरणीच्या सर्वांत अवघड तीन वर्षांत मोठे रुग्णालय दुसऱ्या राज्यात आणि अफूचे शेत आपल्या राज्यात, अशी ही स्थिती होती.

याच काळात जगात दुसरी वाट तयार होत होती. अमेरिकेत लेक्सिंग्टन येथील सरकारी रुग्णालयात १९४० च्या दशकाअखेर मॉर्फिनऐवजी मेथाडोन देऊन ते उतरविण्याची पद्धत रूढ झाली. मेथाडोनचा परिणाम दीर्घकाळ टिकतो, म्हणून तलफ उसळत नाही. पुढे ब्युप्रेनॉर्फिन आले. ते जिभेखाली ठेवतात आणि भारतातही त्याचा वापर होतो. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द पसरली, तेव्हा एकाएकी नशा तुटल्यावर होणाऱ्या हालांना गर्दुल्ले 'टर्की' म्हणत. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले, त्यामागे हीच पार्श्वभूमी होती. त्याआधीच्या वर्षी आलेल्या अमली पदार्थ कायद्याने १८७८ चा कायदा रद्द झाला होता.

मात्रा उतरविल्याने हाल कमी होतात, तलफ संपत नाही, हेही आता पुरते स्पष्ट झाले आहे. केवळ उतरण पूर्ण करून घरी पाठविलेले अनेक जण परत वळतात. म्हणून बऱ्याच रोग्यांना पर्यायी औषध दीर्घकाळ चालू ठेवले जाते. परत वळण्यात खरा धोका असा की, शरीराची सवय मोडलेली असते आणि जुनी मात्रा घेतल्यास श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो. १९५९ नंतर ज्याला माळव्याकडून चोरटी गोळी मिळाली असेल, त्या सौंसरच्या म्हाताऱ्यालाही हे कोणी सांगितले असण्याचा संभव कमी आहे. वैद्यकीय दाखला मिळवायचा तर आधी डॉक्टर गाठावा लागे, आणि तो गावात असता तर त्याने अफू धरलीच असती असे नाही.