वाड्याची बाह्य डागडुजी

बारामती-इंदापूर भागातील जुन्या वाड्याचे धाबे (सपाट छत), पन्हळी, दरजा व गिलावा राहते घर न सोडता टप्प्याटप्प्याने दुरुस्त करण्याची पद्धत.

बारामती व इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुके पर्जन्यछायेत येतात. कमी पावसामुळे येथे मातीचे धाबे रूढ झाले (पहा : धाबे). भिंती बहुधा खाली दगडाच्या, वर विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या. बारामतीत कऱ्हेकाठी बाबूजी नाईक यांचा १८व्या शतकातील वाडा आहे. कवी मोरोपंत (१७२९–९४) त्यांच्याच आश्रयाला होते (पहा : मोरोपंत). इंदापूरची गढी मालोजीराजे भोसले यांच्या नावाने ओळखली जाते (पहा : गढी).

कामाचा क्रम पाणी ठरवते. आधी धाब्याचा ढाळ व पन्हळी, मग जोत्यालगत साचणारे पाणी. रंग, घरच्यांची घाई कितीही असो, अखेरीस. पायाखालची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे नवी भेग बुजवण्यापूर्वी दोन्ही ऋतूंत तिच्यावर नजर ठेवणे इष्ट. दरजांतील सैल माल खरवडून, सांधे भिजवून चुना-वाळू किंवा चुना-सुरखी (विटांची पूड) भरतात (पहा : चुना). चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश घट्ट होतो. म्हणून एका वेळी थोडाच भाग हाती घेऊन तो ओलसर राखतात. सिमेंटचा गिलावा लवकर उरकतो खरा, पण भिंतीतील ओल कोंडतो आणि विटांचे पापुद्रे सुटतात.

या पद्धतीत खर्च विभागला जातो आणि मूळ सामग्री टिकते. वास्तू राज्य संरक्षित स्मारक असल्यास १९६०चा राज्य कायदा लागू होतो (पहा : पुरातत्त्व).