कैद्याच्या चाकूची खूण

शिरूरच्या आसपास युद्धाच्या खुणा शोधायला फार फिरावे लागत नाही. घोडनदीकाठी इंग्रजांची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री तिथून निघालेली फौज दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमाला लढली आणि पुढे कंपनी सरकारने तिथे स्तंभ उभारला. आपल्याकडच्या काही गावांत पहिल्या महायुद्धाच्या दगडी पाट्या दिसतात. गावातून किती माणसे लढाईवर गेली, किती परतली नाहीत, एवढेच त्यावर असते. नाव नाहीच, नुसता आकडा.

या खुणा सरकारने करवून घेतलेल्या. शिपायाने आपल्या हाताने काही मागे ठेवले का, असा प्रश्न विचारला तर आपल्याला स्तंभाकडून डबीकडे, काठीकडे, चिलमीकडे वळावे लागते.

शिरूरहून नगरच्या रस्त्याने सुमारे ५५ किलोमीटर गेले की अहमदनगरचा (आताचे अहिल्यानगर) भुईकोट किल्ला लागतो. १९४२ ते १९४५ या काळात नेहरू इथे कैदेत होते आणि ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ त्यांनी इथेच लिहिले, हे आपण मुलांना सांगतो. त्याआधी चाळीस वर्षे नगरला वेगळेच कैदी होते. ते दक्षिण आफ्रिकेतून आणलेले होते, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

१८९९ ते १९०२ या काळात इंग्रजांचे दक्षिण आफ्रिकेतील बोअर लोकांशी युद्ध झाले. बोअर म्हणजे तिथे स्थायिक झालेल्या डच वंशाच्या शेतकऱ्यांचे वंशज. ‘बोअर’ या शब्दाचा अर्थच शेतकरी. पकडलेले लोक सुटून पुन्हा लढू नयेत म्हणून त्यांना समुद्रापार पाठवले गेले: सेंट हेलेना, बर्म्युडा, सिलोन आणि १९०१ पासून हिंदुस्थान. आपल्या देशात सुमारे ९,००० बोअर कैदी आले. त्यांच्यासाठी जी ठिकाणे निवडली त्यांपैकी एक नगर. कैद्यांत मिसरूड न फुटलेली पोरे होती आणि त्यांचे आजे शोभावेत असे म्हातारेही.

छावणीत वेळ भरपूर आणि काम थोडे. खिशातला चाकू, घासून धार लावलेला लोखंडाचा तुकडा, घरगुती बनावटीचा लेथ, एवढ्या साधनांवर हे लोक लाकूड, हाड, शिंग, दगड कोरू लागले. हातकाठ्या, चिलमी, कागद कापायच्या सुऱ्या, डब्या, ब्रोच, लहानग्या बैलगाड्या. काही घरच्यांसाठी ठेवले, काही विकून तंबाखूपुरते पैसे मिळवले. पुष्कळ वस्तूंवर छावणीचे नाव आणि साल कोरलेले असते. अशा वस्तूंचा मोठा संग्रह ब्लूमफॉन्टेन येथील बोअर युद्ध संग्रहालयात आहे.

हा उद्योग बोअरांनी शोधला असे नव्हे. नेपोलियनच्या युद्धांत इंग्लंडमधल्या नॉर्मन क्रॉस येथे डांबलेले फ्रेंच कैदी रसोड्यातली हाडे उकळून, साफ करून त्यांची जहाजे बनवत आणि तुरुंगाच्या फाटकाशी भरणाऱ्या बाजारात विकत. शिडाच्या दोऱ्यांसकट जहाजे! गिलोटिनच्या प्रतिकृतीसुद्धा त्यांनी केल्या.

हाड आणि शिंग दोन्ही जनावराचेच, पण कारागिराला त्यांच्याशी वेगळे वागावे लागते. शिंग हे आपल्या नखांसारखे केराटिन. उकळत्या पाण्यात ते नरम पडते, दाबून सपाट करता येते आणि थंड झाल्यावर तोच आकार धरून ठेवते. हाडाचे तसे नाही. ते कॅल्शियम फॉस्फेट आणि कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांचे बनलेले असते. जाळले तर धागे जातात आणि हाड ठिसूळ होते. कोंबडीचे हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवले तर उलटे घडते: क्षार विरघळतात, धागे उरतात आणि हाड वाकू लागते. वर्गात जरूर करून पाहावे. म्हणून हाड वाकवायच्या भानगडीत न पडता ते कापायचे, कानशीने घासायचे.

पहिल्या महायुद्धात सामान बदलले. खंदकांच्या मागे तोफेच्या रिकाम्या पितळी पुंगळ्यांचे ढीग साचले आणि त्यांच्या फुलदाण्या झाल्या. या पितळेत साधारण ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त असते. ठोकत गेले की ते कडक होते आणि शेवटी तडकते. मंद लाल होईपर्यंत तापवले की आतले स्फटिक नव्याने जुळतात आणि पितळ पुन्हा हातोडीला वश होते. पुण्याच्या तांबट आळीत हे कोणाला शिकवावे लागत नाही. मात्र अशी प्रत्येक फुलदाणी खंदकात घडली असे समजू नये. बऱ्याचशा मागच्या फळीवरच्या कार्यशाळांत, आणि युद्ध संपल्यावर रणभूमी पाहायला येणाऱ्यांसाठी बनल्या. (आणि एक सूचना: लष्करी सरावाच्या मैदानाजवळ सापडलेला कोणताही गोळा रिकामा आहे असे मानून मुलांनी त्याला हात लावू नये. पोलिसांना कळवावे.)

तेव्हा अशी वस्तू हाती आली तर ती वाचायची कशी? पदार्थ पाहावा, तो स्थानिक आहे की बाहेरचा. हत्याराचे ओरखडे पाहावेत. चाकूचे वेडेवाकडे असतात, यंत्राचे एकसारखे. मग अक्षरे पाहावीत, आणि सर्वांत शेवटी साल.

सालाकडे नीट पाहायला हवे. बोअर युद्ध ३१ मे १९०२ रोजी तहाने संपले. इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घेणाऱ्यांना घरी सोडण्यात आले. पण हिंदुस्थानातल्या काहींनी शपथ नाकारली. त्यांची समजूत काढायला त्यांचाच सेनापती दे ला रे १९०३ च्या डिसेंबरात हिंदुस्थानात आला. तेव्हा एखाद्या डबीवर १९०१ कोरलेले असेल तर ती युद्धात पकडलेल्या माणसाची. हिंदुस्थानातल्या छावणीचे नाव आणि त्यापुढे १९०३ असेल, तर घरी जायची वाट मोकळी असून एका सहीसाठी मागे राहिलेल्या माणसाची असण्याचा संभव मोठा.