अड्यारपासून बार्शीपर्यंत

चेन्नईस बदलून आलेल्या आम्हां मराठी माणसांस अड्यार ठाऊक असते ते थिऑसॉफिस्टांच्या वटवृक्षामुळे. तेथल्याच कर्करोग संस्थेचा इतिहास आमच्या बैठकीत क्वचितच निघतो.

डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची बहीण १९२३ साली कर्करोगाने गेली. त्या दुःखातून उपजलेला संकल्प फळास यावयास तीन दशके लागली. १९५४ साली अड्यारला १२ खाटांचे रुग्णालय उघडले. पुढल्याच वर्षी रुजू झालेल्या डॉ. व्ही. शांता २०२१ साली निधन होईपर्यंत त्याच संस्थेशी एकनिष्ठ राहिल्या.

परंतु रुग्णालयात येणाऱ्या स्त्रीचा रोग बहुधा बळावलेला असे. वस्तुतः गर्भाशयमुखाचा कर्करोग एकाएकी होत नाही. विषाणूचा संसर्ग टिकून राहिला, तर पेशी बदलू लागतात, आणि त्यांचा कर्करोग होण्यास सामान्यतः १५ ते २० वर्षे जातात. पेशी तपासून हा बदल ओळखण्याची पापानिकोलाऊ यांची रीत १९४० नंतर रूढ झाली. तिला प्रयोगशाळा हवी, आणि रुग्णेची दुसरी खेपही हवी. मोलमजुरी करणारी बाई ती दुसरी खेप कोठून करणार?

याचे उत्तर तामिळनाडूतच, दिंडिगल जिल्ह्यात शोधले गेले. २००० सालापासून तेथे परिचारिका सौम्य ॲसिटिक आम्ल लावून गर्भाशयमुख पाहत. पांढरा डाग उमटला, तर त्याच भेटीत दुर्बिणीने तपासणी, तुकडा काढणे आणि योग्य तेथे शीतोपचारही होई. २००७ साली निष्कर्ष निघाला : या रोगाचे मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले.

त्याच सुमारास आपल्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवात, टाटा रुग्णालय व बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय यांनी १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. २००९ साली त्यातून दिसले की, विषाणूची चाचणी एकदा केल्यानेही मृत्यू जवळजवळ निम्मे होतात.

या इतिहासाचा बोध आम्हां फिरस्त्या नोकरदारांस विशेष लागू आहे. अहवालात दोष निघणे म्हणजे कर्करोग नव्हे. ती वेळेवर मिळालेली सूचना होय. पण तिचा पाठपुरावा झाला नाही, तर तपासणी व्यर्थ. बदलीच्या हुकुमासरशी आम्ही मुलांचे शाळेचे दाखले आठवणीने बांधून घेतो. घरातील स्त्रीचा अहवालही त्याच पेटीत, आणि वरच ठेवला पाहिजे. नव्या गावी बिऱ्हाड लागण्यापूर्वी तो डॉक्टरांपुढे गेला पाहिजे.