गिअर पंप

एकमेकांत अडकून फिरणाऱ्या दंतचक्रांच्या साहाय्याने द्रव पुढे ढकलणारा पंप. सुटे भाग मोजके, किंमत कमी आणि थोड्याफार हयगयीतही टिकून राहण्याची ताकद, यांमुळे औद्योगिक हायड्रॉलिक्समध्ये तो सर्वत्र दिसतो. कारखान्यातला पॉवर पॅक असो, डंपर असो वा ट्रॅक्टरची लिफ्ट, तेलाला गती देण्याचे काम बहुतेक वेळा हाच करतो.

बाह्य दंतचक्रांच्या पंपात सारख्या आकाराची दोन चक्रे एका तंतोतंत बसणाऱ्या बॉडीत असतात. एक चक्र मोटरच्या किंवा इंजिनाच्या शाफ्टला जोडलेले असते, दुसरे त्याच्या दातांनी उलट दिशेने फिरते. तेल या दोन चक्रांच्या मधून जाते, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात ते बाहेरून जाते. सक्शनच्या बाजूला दात एकमेकांतून सुटतात, तिथे जागा मोकळी होऊन दाब उतरतो आणि वातावरणाचा दाब टाकीतले तेल आत लोटतो. दातांमधल्या खाचांत भरलेले हे तेल बॉडीच्या भिंतीलगत वळसा घालून डिलिव्हरीच्या बाजूला येते. तिथे दात पुन्हा एकमेकांत शिरतात, खाचेतली जागा समोरच्या चक्राचा दात व्यापतो आणि तेलाला बाहेर पडावेच लागते. मधोमध भिडलेले दात त्याला मागे फिरू देत नाहीत.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी लागते: पंप प्रवाह देतो, दाब देत नाही. दाब तयार होतो तो पुढच्या अडथळ्यामुळे. सिलिंडरवर भार नसेल तर चांगला पंपसुद्धा गेजचा काटा फारसा हलवणार नाही. उलट वाट पूर्ण बंद झाली, तर दाब चढत जाऊन होज, बॉडी किंवा कपलिंग यांपैकी काहीतरी तुटेल. विहिरीवरच्या सेंट्रिफ्युगल पंपाचा व्हॉल्व्ह काही वेळ बंद ठेवला तरी तो निभावतो, गिअर पंपाला ती मुभा नाही. म्हणून पंपाच्या लगेच पुढे रिलीफ व्हॉल्व्ह असावाच लागतो.

एका फेऱ्यात किती तेल बाहेर पडते हे दातांचा आकार, संख्या आणि रुंदी यांवर ठरते आणि ते बदलता येत नाही. फेऱ्याला 16 घन सें.मी. देणारा पंप 1450 फेऱ्यांच्या मोटरवर मिनिटाला सुमारे 23 लिटर तेल ढकलतो, गळती वजा जाता 22 लिटर धरावे. 100 मि.मी. व्यासाच्या सिलिंडरला हे तेल दिले, तर दट्ट्या सेकंदाला जेमतेम पावणेपाच सें.मी. सरकतो. मात्र 200 बार दाबाला त्याच दट्ट्याचा जोर सुमारे 16 टन भरतो. यासाठी लागणारी हायड्रॉलिक शक्ती 7.3 किलोवॉट, आणि पंपाची एकूण कार्यक्षमता 85 टक्के धरली तर शाफ्टवर साधारण 8.6 किलोवॉट. अशा कामाला 11 किलोवॉटची मोटर लावली जाते.

बॉडी आणि दातांची टोके, तसेच चक्रांच्या कडा आणि शाफ्टला आधार देणारे बाजूचे बुश, यांच्यामधल्या फटींतून थोडे तेल दाबाकडून सक्शनकडे निसटते. फट दुप्पट झाली की तिच्यातली गळती साधारण आठपट होते, म्हणूनच पंपाचे आयुष्य या मायक्रॉनांच्या हिशेबावर टिकून असते. जुन्या पंपांत बाजूची फट कायमची ठरलेली असे, त्यामुळे दाब वाढला की कार्यक्षमता ढासळे. हायड्रॉलिक्सच्या आजच्या पंपांत बुश तरते ठेवतात. डिलिव्हरीचे थोडे तेल त्यांच्या पाठीमागे सोडलेले असते आणि रबरी सीलने तो भाग वेगळा केलेला असतो. दाब वाढेल तसे बुश चक्रांना अधिक बिलगतात. गिअर पंपाला 200 ते 250 बारपर्यंत नेणारी खरी करामत ही आहे. बॉडीला सक्शनपेक्षा डिलिव्हरीचे तोंड लहान ठेवतात, तेही दाबाचे क्षेत्र कमी राहावे म्हणून.

या दाबाचा दुसरा परिणाम पंप उघडल्यावर डोळ्यांनी दिसतो. एका बाजूला 200 बार आणि दुसऱ्या बाजूला जवळपास शून्य, त्यामुळे दोन्ही चक्रे सतत सक्शनकडे रेटली जातात. ॲल्युमिनियमच्या बॉडीत सक्शनच्या बाजूला दातांनी कोरलेला एक चकचकीत पट्टा असतो. नव्या पंपाच्या पहिल्या चाचणीत पडलेला हा पट्टा दोष नाही, उलट त्यामुळेच टोकांची फट नेमकी बसते. पण त्याची कड नखाला ठळक लागू लागली, तर बुश झिजले आहेत किंवा पंप त्याच्या कुवतीबाहेर चालवला गेला आहे, असे समजावे. बुशच्या पृष्ठभागावर दिसणाऱ्या खाचाही मुद्दाम केलेल्या असतात. दातांची एक जोडी सुटण्याआधी दुसरी भिडते, तेव्हा त्यांच्यात तेलाचा एक थेंब कोंडतो. त्याला वाट मिळाली नाही तर दाब क्षणात भडकतो. या खाचा ती वाट देतात.

प्रत्येक दातागणिक प्रवाहात बारीक हेलकावा येतो. 12 दातांच्या पंपाला 1450 फेऱ्यांवर त्याची वारंवारिता 290 हर्ट्झ येते, आणि पंपाची ओळखीची शीळ तिथूनच निघते. तिरपे दात कापून, किंवा दोन चक्रे अर्ध्या दाताच्या फरकाने जोडून ती कमी करतात.

अंतर्गत प्रकारात लहान चक्र मोठ्या कड्याच्या आत फिरते आणि दोघांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराचा तुकडा असतो. हा पंप महाग पण बराच शांत असतो, म्हणून प्लास्टिक मोल्डिंगच्या यंत्रांवर सर्व्हो मोटरसोबत तो पसंत केला जातो. जेरोटर या अंतर्गत प्रकाराच्याच पंपात आतल्या चक्राला बाहेरच्यापेक्षा एक दात कमी असतो. इंजिनाच्या वंगणासारख्या कमी दाबाच्या कामाला तो पुरतो.

कल्पना जुनी आहे. खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर याने 17 व्या शतकाच्या आरंभी खाणीतले पाणी उपसण्यासाठी व्हॉल्व्हविना चालणारा असा पंप मांडला होता. अंतर्गत प्रकाराचा प्रसार अमेरिकेत आयोवा राज्यातील सीडर फॉल्स येथे 1911 मध्ये स्थापन झालेल्या वायकिंग पंप कंपनीने केला. त्या पंपाची रचना येन्स नील्सन याची होती. पाण्यासाठी सुचलेला हा पंप पुढे तेलात रमला हे स्वाभाविकच आहे, कारण चक्रांना आणि बुशांना वंगण मिळते ते पंपातून जाणाऱ्या द्रवाचेच.

पिंपरी-चिंचवड किंवा चाकणच्या कारखान्यांतील प्रेस, क्लॅम्पिंग फिक्स्चर आणि एसपीएम (विशिष्ट कामासाठी बनवलेली यंत्रे) यांच्या पॉवर पॅकमध्ये तो टाकीच्या झाकणावर किंवा आत बेल हाउसिंगने बसवलेला असतो. मोठ्या प्रेसमध्ये दोन पंपांची जोडी लावतात. दट्ट्या झपाट्याने खाली यावा म्हणून मोठा गिअर पंप, आणि प्रत्यक्ष दाबण्यासाठी लहान उच्चदाबाचा पंप. दाब चढताच मोठ्या पंपाचे तेल अनलोडिंग व्हॉल्व्हमधून टाकीत वळते. अशी सोय न करता जादा तेल रिलीफवरून सोडत राहणे ही उधळपट्टीच आहे. वरच्या उदाहरणातला दट्ट्या अडून राहिला, तर सातेक किलोवॉट केवळ तेल तापवण्यात जातात. डंपरची बॉडी पीटीओवरचा (इंजिनाची शक्ती बाहेर घेणाऱ्या जोडणीवरचा) गिअर पंप उचलतो. मुरूम किंवा शेणखत ओतणारी ट्रॉली ट्रॅक्टरच्याच पंपाचे तेल घेते. साखर कारखान्यांत मळीसारखा दाट द्रव हलवण्यासाठी संथ गतीचे गिअर पंप वापरतात, मात्र तिथे दाबापेक्षा वहन महत्त्वाचे.

पंप अकाली जातो तो बहुधा सक्शनमुळे. जाळी तुंबली, पाइप बारीक निवडला किंवा थंडीत तेल घट्ट झाले, तर खाचा पुरत्या भरत नाहीत. तेलातले बुडबुडे दाबाच्या बाजूला फुटतात, पंपातून खडे भरडल्यासारखा आवाज येतो आणि बुशचा पृष्ठभाग कुरतडला जातो. सक्शनच्या जोडातून पंप हवा घेत असेल तर आवाज तसाच येतो, पण मग टाकीत तेल फेसाळलेले दिसते, आणि निदानाची सुरुवात याच फरकापासून करावी. तेल साधारणपणे घट्टपणाच्या 46 किंवा 68 ग्रेडचे वापरतात. नवा पंप बसवल्यावर मोटर क्षणभर चालू-बंद करून फिरण्याची दिशा तपासावी. एकाच दिशेच्या पंपात शाफ्टच्या सीलमागची जागा सक्शनला जोडलेली असते. मोटरचे दोन फेज अदलाबदल झाले आणि पंप उलटा फिरला, तर दाब तिथे पोहोचतो आणि सील उडते.