डेंग्यू, रांजण आणि आईचा प्रश्न



मागच्या सुट्टीत जाफराबादला घरी गेलो होतो. तेव्हा डेंग्यूवर वाचन चालू होतं, म्हणून आल्या आल्या आईला सांगितलं, "साठवलेलं पाणी ओतून देत जा." आई म्हणाली, "आन् मग पुढचं पाणी येईस्तोवर प्यायचं काय?" मला उत्तर देता आलं नाही.

आधी थोडा इतिहास बघू. 1903 मध्ये बैरूतला ग्रॅहम यांनी डेंग्यू डासामुळे पसरतो असं मांडलं. कल्पना बरोबर होती, पण त्यांनी दोष दिला क्युलेक्स डासाला. 1906 मध्ये ऑस्ट्रेलियात बँक्रॉफ्ट यांनी एडिस इजिप्तीकडे बोट दाखवलं. 1907 मध्ये फिलिपिन्समध्ये ॲशबर्न आणि क्रेग यांना दिसलं की रुग्णाचं रक्त बारीक गाळणीतून गाळलं तरी आजार होतोच. म्हणजे कारण जिवाणूपेक्षा लहान आहे. प्रत्यक्ष विषाणू मात्र 1943 मध्ये जपानमध्ये किमुरा आणि होत्ता यांनी वेगळा केला.

आपल्याकडे डेंग्यू म्हटलं की 1996 ची दिल्लीतली मोठी साथ आठवते आणि हा शहराचा आजार वाटतो. पण त्याच्या पाच वर्षं आधी, 1991 मध्ये, 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये परभणी जिल्ह्याच्या ग्रामीण भागातल्या डेंग्यूच्या साथीवर शोधनिबंध आला होता. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या काही खेड्यांत साथीच्या काळात केलेली डासांची पाहणीही छापली गेली. परभणी म्हणजे आमच्या जालन्याला लागूनच!

खेड्यात डेंग्यू कसा? एडिसला गटार लागत नाही, साठलेलं स्वच्छ पाणी पुरतं. जिथं पाणी रोज येत नाही, तिथं रांजण, ड्रम, हौद भरून ठेवावेच लागतात. मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या भिंतीला अंडी चिकटवते. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात. आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायचा तो यासाठी.

आता आईचं उत्तर सापडतं. भरलेलं पाणी ओतायची गरज नाही. भांडं रिकामं होत आलं की उरलेलं पाणी दुसरीकडे काढायचं, आतली भिंत काथ्यानं खसखसून घासायची, मग भरून वर घट्ट कापड बांधायचं. नुसतं पाणी ओतलं तर अंडी तिथंच राहतात. मोठा हौद रिकामा होत नसेल तर त्यात गप्पी मासे सोडायचे. हा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारी झोपणाऱ्या लेकराला आणि तापाच्या रुग्णालाही मच्छरदाणी हवी. ताप आला तर ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन मनानं घेऊ नका. ताप उतरताना पोटात जोरात दुखलं, सारख्या उलट्या झाल्या किंवा रक्तस्राव दिसला, तर लगेच दवाखाना गाठा.

संशोधनाचा विषय शोधणाऱ्यांना एवढंच सांगेन: ग्रॅहम यांची चूक डास ओळखण्यात झाली, माझी माणसांची अडचण ओळखण्यात. प्रश्नावली तयार करताना "पाणी साठवता का?" एवढ्यावर थांबू नका. पाणी किती दिवसांनी येतं, भांडं शेवटचं कधी घासलं, हेही विचारा.